सभासदांची यादी कोणाच्या हाती? : वर्ल्डमार्क क्लबचे नोंदवही प्रकरण

कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये ज्या वादाचा निकाल दिला, तो वरवर पाहता अगदी किरकोळ होता. टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या निवासात दरवर्षी काही काळ राहण्याचा विकत घेतलेला हक्क; अशा हक्कांच्या मालकांच्या एका संस्थेतील एका सभासदाला इतर सभासदांशी संपर्क साधायचा होता आणि त्यासाठी त्याने संस्थेकडे सर्व सभासदांचे ई-मेल पत्ते मागितले होते. संस्थेने ते देण्यास नकार दिला, त्याऐवजी टपालाने पत्रे पाठवून देण्याची तयारी दाखवली, आणि प्रकरण न्यायालयात गेले. वाद घरांचा नव्हता, शुल्काचा नव्हता, निवडणुकीतील गैरप्रकाराचाही नव्हता. तरीही टाइमशेअर मालकसंघांवर खरे नियंत्रण कोणाचे असते, ते कशाच्या बळावर टिकते आणि मालकांना त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे समजून घ्यायचे असेल तर अमेरिकेतील गाजलेल्या फसवणुकीच्या खटल्यांपेक्षा हा कोरडा वाटणारा सभासदांच्या नोंदवहीचा वाद अधिक उपयोगी पडतो.

संस्था आणि तिच्या मागची कंपनी

‘वर्ल्डमार्क, द क्लब’ ही कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली स्थापन झालेली ना-नफा तत्त्वावरील परस्परहित संस्था, म्हणजे सभासदांच्याच सामाईक हितासाठी चालणारी संस्था आहे. तिची उभारणी १९८९ मध्ये ट्रेंडवेस्ट रिसॉर्ट्स या वॉशिंग्टन राज्यातील कंपनीने केली. ट्रेंडवेस्ट २००२ मध्ये सेंडंट या मोठ्या समूहाने विकत घेतली, आणि २००६ मध्ये सेंडंटचे विभाजन होऊन विंडम वर्ल्डवाइड ही स्वतंत्र कंपनी अस्तित्वात आली, तेव्हा वर्ल्डमार्कची विकासक व व्यवस्थापक ही दोन्ही नाती विंडमच्या एका उपकंपनीकडे आली. म्हणजे संस्था तीच राहिली, सभासद तेच राहिले, पण त्यांच्या डोक्यावरची कंपनी बदलत गेली. या खरेदी-विक्रीत संस्थेच्या व्यवस्थापनाचा करार आणि तिच्या मंडळावरील प्रभाव याही बाबी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे गेल्या. ताळेबंदात ‘मंडळावरील बहुमत’ असा रकाना नसला, तरी घेणाऱ्याने मोजलेल्या किमतीत त्याचा वाटा नसतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

जुन्या पद्धतीच्या टाइमशेअरमध्ये ग्राहक एका ठरावीक इमारतीतील ठरावीक अपार्टमेंटचा ठरावीक आठवडा विकत घेतो, आणि अनेकदा त्याच्या नावे त्या हिश्शाची नोंदणीकृत खरेदीखतही होते. वर्ल्डमार्कची रचना निराळी आहे. येथे अपार्टमेंटची मालकी क्लबकडे असते आणि सभासदाकडे ‘क्रेडिट’ असतात. विकासक कंपनी नवे रिसॉर्ट बांधते किंवा विकत घेते, ती अपार्टमेंट क्लबच्या नावे करते, त्यांच्या मोबदल्यात नवी क्रेडिट निर्माण होतात आणि ती विकण्याचा हक्क कंपनीला मिळतो. सभासद दरवर्षी मिळणारी क्रेडिट वापरून कुठल्याही रिसॉर्टमध्ये राहण्याचे दिवस आरक्षित करतो. मूळच्या रिसॉर्टमध्ये दोन शयनगृहांच्या अपार्टमेंटसाठी गर्दीच्या मोसमातील एका आठवड्याला साधारण १०,००० क्रेडिट लागत असत. ग्राहकाच्या दृष्टीने ही पद्धत अधिक लवचिक आहे, आणि ती लोकप्रिय झाली यात नवल नाही.

या लवचिकतेचा दुसरा परिणाम मात्र विक्रीच्या सादरीकरणात सांगितला जात नाही. एका इमारतीतील आठवड्यांचे मालक निदान त्या इमारतीत एकमेकांना भेटण्याची शक्यता असते; दरवर्षी त्याच आठवड्यात येणारी कुटुंबे एकमेकांना ओळखू लागतात, आणि जुन्या, लहान रिसॉर्टमध्ये मालकांनी एकत्र येऊन कारभार हाती घेतल्याची उदाहरणे दिसतात ती याच कारणाने. क्रेडिट पद्धतीत सभासद आज एका राज्यात, पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्यात उतरतो, आणि शेजारच्या अपार्टमेंटमध्ये कोण आहे, तो सभासद आहे की भाड्याने आलेला पाहुणा, हेही त्याला कळत नाही. वादाच्या काळात वर्ल्डमार्कचे सुमारे २,६०,००० सभासद होते. एखाद्या मध्यम आकाराच्या शहरातील मतदारांएवढा हा समूह होता, फरक इतकाच की त्याला ना गल्ली होती, ना चावडी, ना मतदार यादी.

बहुमत नसतानाही सत्ता कशी राहते

कागदोपत्री पाहिले तर अशा संस्थेची मालकी सभासदांकडे असते, संचालक मंडळ सभासद निवडतात, आणि व्यवस्थापन कंपनी ही मंडळाने नेमलेली कंत्राटदार असते. प्रत्यक्षात हा क्रम नेमका उलटा चालतो. संस्था स्थापन होते तेव्हा एकही सभासद नसतो. पोटनियम विकासक लिहितो, पहिले मंडळ तोच नेमतो, आणि ते मंडळ व्यवस्थापनाचा करार त्याच विकासकाशी किंवा त्याच्या उपकंपनीशी करते. प्रारंभी असे होणे अपरिहार्यच आहे, कारण इमारत उभी राहण्याआधी कोणीतरी कारभार पाहिलाच पाहिजे. प्रश्न असतो तो ही तात्पुरती व्यवस्था संपते केव्हा, याचा.

कायमच्या वास्तव्याच्या अपार्टमेंटसाठी अनेक राज्यांच्या कायद्यांनी या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत दिले आहे. फ्लोरिडाच्या कॉन्डोमिनियम कायद्यानुसार १५ टक्के घरे विकली गेली की विकासकाव्यतिरिक्तच्या मालकांना मंडळातील एक तृतीयांश जागा निवडण्याचा हक्क मिळतो, आणि ९० टक्के विक्री झाल्यावर तीन महिन्यांनी किंवा ५० टक्के विक्रीनंतर तीन वर्षांनी मंडळाचे बहुमत त्यांच्याकडे जाते. ही तरतूद एका गृहीतावर उभी आहे: प्रकल्पाला शेवट असतो. अनेक रिसॉर्टचा समावेश असलेल्या क्रेडिट क्लबात तसा शेवट नसतो. दरवर्षी नवे रिसॉर्ट येते, नवी क्रेडिट निर्माण होतात, थकबाकीदारांकडून परत आलेले हिस्से पुन्हा विक्रीला लागतात, आणि विक्री कधीच ‘पूर्ण’ होत नाही. विकासकाचा विकासक म्हणून असलेला कालावधी त्यामुळे संस्थेच्या आयुष्याएवढा लांबतो.

त्याच्या जोडीला मतदानाचे गणित येते. अशा क्लबांमध्ये मते साधारणतः माणसांप्रमाणे मोजली जात नाहीत, हिश्शांप्रमाणे मोजली जातात, आणि न विकलेले किंवा परत आलेले हिस्से ज्याच्या ताब्यात असतील त्याला ते सगळे एकगठ्ठा वापरता येतात. हे हिस्से एकूण मतांच्या पाच-दहा टक्केच असले तरी पुरे होतात, कारण समोरच्या बाजूला मतदानच होत नाही. वर्षातून एकदा येणारा लिफाफा बहुतेक सभासद उघडत नाहीत. जे उघडतात, त्यांच्यापैकी बरेच जण आपले प्रतिनिधी मतपत्र, म्हणजे प्रॉक्सी, सही करून परत पाठवतात, आणि त्यावर प्रतिनिधी म्हणून मंडळाचेच नाव आधी छापलेले असते. गणपूर्ती भरावी म्हणून ही मतपत्रे जमवणे आवश्यकच असते; कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पोटनियमांनी वेगळे ठरवले नसेल तर एक तृतीयांश मतशक्तीची गणपूर्ती लागते, आणि लाखो विखुरलेल्या सभासदांच्या संस्थेत प्रॉक्सीशिवाय ती भरणे अशक्य आहे. परंतु गणपूर्तीसाठी गोळा केलेली ही मतपत्रे निवडणुकीतही वापरली जातात, आणि अशा रीतीने सभासदांची उदासीनता विद्यमान मंडळाच्या बाजूचे मत म्हणून मोजली जाते.

वर्ल्डमार्कच्या बाबतीत असंतुष्ट सभासदांची तक्रार अशीच होती की, मंडळावर विकासक कंपनीच्या आजी-माजी अधिकाऱ्यांचे वर्चस्व आहे आणि तेच मंडळ त्याच कंपनीशी संस्थेच्या वतीने व्यवहार करते. असे मंडळ बेकायदेशीर नव्हते, कारण ते निवडून आलेले होते. सभासदांना ते बदलायचे असेल तर त्यांनी संघटित होऊन मते द्यावीत, असे कोणीही म्हणू शकत होते, आणि कायदाही तेच म्हणत होता. नोंदवहीचा वाद नेमका याच ठिकाणी सुरू होतो.

मागणी, प्रतिप्रस्ताव आणि निकाल

संबंधित सभासदाला संस्थेच्या पोटनियमांत बदल सुचवणारा अर्ज इतर सभासदांपुढे ठेवायचा होता. कॅलिफोर्नियाच्या परस्परहित संस्थांच्या कायद्यात किमान ५ टक्के सभासदांनी मागणी केल्यास विशेष सभा बोलावता येते. तरतूद उदार वाटते. पण २,६०,००० सभासदांच्या संस्थेत ५ टक्के म्हणजे १३,००० माणसे होतात, आणि ती अनेक राज्यांत विखुरलेली असताना, त्यांची नावे-पत्ते माहीत नसताना, इतक्या सह्या मिळवणे केवळ सिद्धांतात शक्य आहे. यादी हाती आल्याशिवाय पाच टक्क्यांच्या हक्काला काही अर्थ उरत नाही.

कायद्याने यादीचाही विचार केलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या कॉर्पोरेशन्स कोडच्या (कंपन्या व संस्थांविषयीच्या कायद्याच्या) कलम ८३३० नुसार सभासदाला, सभासद म्हणून असलेल्या त्याच्या हिताशी निगडित कारणासाठी, सर्व सभासदांची नावे, पत्ते आणि मतदानाचे हक्क यांची नोंद पाहण्याचा व उतरवून घेण्याचा अधिकार आहे. त्यासाठी कामकाजाचे पाच दिवस आधी लेखी मागणी करावी लागते. मात्र संस्थेलाही एक वाट ठेवलेली आहे. मागणी मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत ती असा लेखी प्रस्ताव देऊ शकते की, यादी हाती न देता सभासदाचा उद्देश वाजवी रीतीने आणि वेळेत साध्य होईल अशी दुसरी व्यवस्था आम्ही करून देतो. वर्ल्डमार्कने याच वाटेचा आधार घेतला. ई-मेल पत्ते देण्यास तिने नकार दिला आणि सभासदाचा मजकूर त्रयस्थ टपाल सेवेमार्फत सर्वांना पाठवण्याची तयारी दाखवली. खर्च अर्थात सभासदाने सोसायचा होता.

हा प्रतिप्रस्ताव ऐकायला वाजवी वाटतो, म्हणून त्याचे गणित मांडून पाहावे लागते. छपाई, लिफाफा, पत्ते लावणे आणि टपाल हे सारे धरून एका पत्राला एक डॉलरच्या आसपास खर्च येतो असे मानले, तरी एका फेरीचा खर्च अडीच लाख डॉलरच्या पुढे जातो. ही रक्कम एका सभासदाने स्वतःच्या खिशातून घालायची, तीही उत्तरे मिळण्याची कोणतीही शाश्वती नसताना. मंडळाला स्वतःचे म्हणणे सभासदांपर्यंत पोचवण्यासाठी असा काही खर्च पडत नव्हता, कारण संस्थेची छपाई, संस्थेचे टपाल आणि संस्थेचे ई-मेल हे सभासदांच्याच वर्गणीतून चालते. विरोधी बाजूचा सभासद आपल्या वर्गणीतून मंडळाच्या प्रचाराचा वाटा उचलतो आणि आपल्या प्रचाराचा पूर्ण खर्च पुन्हा वेगळा देतो. समान संधीची यापेक्षा विचित्र वाटणी शोधून सापडणार नाही.

कनिष्ठ न्यायालयाने सभासदाच्या बाजूने आदेश दिला, संस्थेने अपील केले, आणि अपील न्यायालयाने मूळ आदेश कायम ठेवला. कायद्यातील ‘पत्ते’ या शब्दात ई-मेल पत्त्यांचाही समावेश होतो आणि टपालाचा प्रस्ताव हा या परिस्थितीत वाजवी पर्याय नाही, असे दोन निष्कर्ष त्यातून निघाले. पहिल्या निष्कर्षाची चर्चा वकिलांनी अधिक केली, कारण तो इतर संस्थांनाही लागू होणारा होता. माझ्या मते मालकांच्या दृष्टीने दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. पर्याय वाजवी आहे की नाही हे ठरवताना त्याची किंमत पाहिली पाहिजे, आणि ज्याला तो परवडणारच नाही त्याच्यासाठी तो पर्यायच नव्हे, हे तत्त्व मान्य झाले नाही तर हक्क नाकारण्यासाठी थेट नकार देण्याची गरजच उरत नाही. महागडा होकार तेच काम करतो.

संस्थेची बाजू पूर्णतः निराधार होती असे मात्र म्हणता येणार नाही. टाइमशेअर मालकांच्या याद्यांना बाहेर मोठी मागणी असते. ‘तुमचा टाइमशेअर विकून देतो, आधी शुल्क भरा’ असे सांगून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांनी अमेरिकेत असंख्य मालकांना, विशेषतः वृद्धांना, लुबाडले आहे, आणि फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने अशा अनेक टोळ्यांवर कारवाई केली आहे. अशा हातांत लाखो ई-मेल पत्त्यांची तयार यादी पडणे हे कोणत्याही मंडळाला धास्तावणारे आहे. पण कायद्याने या भीतीचीही दखल घेतली आहे. कलम ८३३८ नुसार सभासदांची यादी ही संस्थेची मालमत्ता असून तिचा वापर सभासदाच्या हिताशी असंबद्ध कारणासाठी, विशेषतः व्यापारासाठी, करता येत नाही, आणि तसा वापर करणाऱ्याकडून भरपाई मागता येते. गोपनीयतेचा मुद्दा खरा असूनही तो पुढे करणाऱ्याचा हेतू तपासावा लागतो, कारण तीच यादी व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीकडे असते, आणि जुन्या सभासदांना आणखी क्रेडिट विकणे हा त्याच कंपनीच्या समूहाचा प्रमुख व्यवसाय असतो.

नियंत्रणाची किंमत

मंडळ कोणाचे आहे याने सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला काय फरक पडतो, असा प्रश्न येथे विचारला जाऊ शकतो. खोली स्वच्छ असेल, पोहण्याचा तलाव चालू असेल, तर पोटनियमांकडे कोण पाहतो? फरक पडतो तो दरवर्षीच्या बिलात आणि बाहेर पडण्याच्या दारात.

देखभाल शुल्क मंडळ ठरवते. व्यवस्थापन कंपनीचा मोबदला अनेक करारांत अंदाजपत्रकाच्या ठरावीक टक्केवारीने ठरतो, म्हणजे खर्च वाढला की मोबदलाही वाढतो. स्वतंत्र मंडळ अशा करारावर घासाघीस करील, दुसऱ्या कंपन्यांकडून दरपत्रके मागवील, निदान मुदत संपताना प्रश्न विचारील. ज्या मंडळाचे बहुतेक संचालक कंत्राटदाराच्याच पगारावर आहेत किंवा होते, त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवणे कठीण आहे. त्यांपैकी कोणी अप्रामाणिकच असतो असे यातून सुचवायचे नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच पक्ष बसलेला असेल तर वाटाघाट होत नाही, इतकेच. हीच गोष्ट थकबाकीदारांकडून परत घेतलेले हिस्से विकासकाला कोणत्या भावाने द्यायचे, रिकाम्या खोल्या भाड्याने देऊन आलेले उत्पन्न कोणाच्या खात्यात जमा करायचे, राखीव निधी किती ठेवायचा, अशा अनेक निर्णयांना लागू पडते. यांपैकी कुठलाही निर्णय बातमी होत नाही. त्यांची बेरीज मात्र वीस वर्षांनी प्रत्येक सभासदाच्या बिलात दिसते.

बाहेर पडण्याचा प्रश्न त्याहून बिकट आहे. विंडमने वर्ल्डमार्कच्या सभासदांसाठी आणलेल्या ट्रॅव्हलशेअर या योजनेवरून २००७ मध्ये काही सभासदांनी कॅलिफोर्नियातील फेडरल न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला होता. कंपनीकडून नव्याने खरेदी करणाऱ्यांना जादा सवलती मिळाव्यात आणि दुसऱ्या सभासदाकडून घेतलेल्या क्रेडिटना त्या मिळू नयेत, अशा भेदाने जुन्या क्रेडिटचे पुनर्विक्री मूल्य घटते, अशी त्या गटाची धारणा होती. दाव्याच्या गुणदोषांत न जाताही येथील हितसंबंधांचा संघर्ष स्पष्ट दिसतो. सभासदाला आपले क्रेडिट चांगल्या भावाने विकता यावे असे वाटते. विकासकाचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी मात्र तोच विकू पाहणारा सभासद असतो, कारण दोघेही एकच माल विकत असतात आणि सभासदाचा भाव फार कमी असतो. अशा योजनेला मालकसंघाच्या वतीने हरकत घ्यायची की नाही, हे ज्या मंडळाने ठरवायचे, ते विकासकाच्या माणसांचे असेल तर हरकतीचा विषय सभेपुढेच येत नाही.

प्रसंग अचानक ओढवला तर ही किंमत किती मोठी असू शकते, हे हवाईतील काउआई बेटावरच्या द पॉइंट अ‍ॅट पोइपू या रिसॉर्टमध्ये दिसले. तेव्हा डायमंड रिसॉर्ट्स या टाइमशेअर कंपनीच्या व्यवस्थापनाखाली असलेल्या या रिसॉर्टच्या इमारतींच्या भिंतींत पाणी मुरत होते, आणि २०११ मध्ये तेथील मालकसंघांनी दुरुस्तीसाठी सुमारे ६ कोटी ५८ लाख डॉलरची विशेष आकारणी जाहीर केली. तेथे २१९ अपार्टमेंट आहेत. वर्षातील आठवड्यांवर ती रक्कम पसरली तर प्रत्येक साप्ताहिक हिश्शामागे पाच हजार आठशे डॉलरच्या आसपास बोजा येतो, आणि पुनर्विक्रीच्या बाजारात अनेक आठवड्यांची किंमत त्याहून कमी होती. मालकांनी त्याच वर्षाच्या अखेरीस न्यायालयात धाव घेतली. पुढे झालेल्या तडजोडीत मालकांना आपला हिस्सा सोडून देऊन आकारणीतून मोकळे होण्याची वाट मिळाली. दुरुस्ती आवश्यक होती याविषयी फारसे दुमत नव्हते. मालकांचा रोष इतक्या मोठ्या खर्चाचा निर्णय कोणी घेतला, त्याची कल्पना त्यांना किती आधी होती, आणि निर्णय घेणाऱ्यांचे हित मालकांच्या हिताशी कितपत जुळत होते, यांविषयी होता. ज्याला आपल्या घराचे छप्पर बदलावे लागते, तो किमान तीन गवंड्यांना विचारून निर्णय घेतो. येथे हजारो मालकांच्या वतीने विचारणारे आणि उत्तर देणारे एकाच बाजूचे आहेत, असे त्यांना वाटत होते.

इतर राज्यांनी निवडलेली वाट

वर्ल्डमार्क निकालाने जे मिळवले त्याची मर्यादा फ्लोरिडाच्या टाइमशेअर कायद्याशी तुलना केल्यावर कळते. तेथे व्यवस्थापन संस्थेने मालकांची अद्ययावत यादी ठेवावी लागते आणि सरकारी विभागाने मागितल्यास द्यावी लागते, पण ती कोणा मालकाला द्यायला कायद्यानेच मनाई आहे. त्याऐवजी, मालकाने लेखी मागणी केल्यास त्याचा मजकूर ३० दिवसांत सर्वांना पाठवण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर आहे, आणि संचालकांना परत बोलावणे किंवा व्यवस्थापकाला दूर करणे यांसाठी मते मागणे हेही वैध कारण मानले आहे. हे वाचून समाधान वाटत असतानाच पुढच्या दोन अटी येतात: प्रत्यक्ष खर्च मालकाने आगाऊ भरायचा, आणि मजकूर पाठवण्यास योग्य आहे की नाही हे मंडळाने ठरवायचे. ज्यांना हटवण्यासाठी पत्र लिहिले आहे, त्यांनीच ते पत्र पाठवण्याजोगे आहे की नाही हे पाहायचे, अशी ही रचना आहे. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने जी व्यवस्था अवाजवी ठरवली, तिच्याशी मिळतीजुळती व्यवस्था फ्लोरिडात कायद्याचाच भाग आहे, आणि अमेरिकेतील टाइमशेअरचा फार मोठा हिस्सा फ्लोरिडात आहे.

व्यवस्थापन कंपनीला दूर करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. व्यवस्थापनाचा करार दर तीन वर्षांनी आपोआप नूतनीकृत होतो, आणि तो मोडायचा असेल तर मतदान करणाऱ्यांपैकी किमान ६६ टक्के मते विरोधात पडली पाहिजेत, शिवाय ती मते एकूण मतांच्या किमान ५० टक्के असली पाहिजेत. विखुरलेल्या मालकांच्या संस्थेत एकूण मतांपैकी निम्मी मते एका बाजूला उभी करणे किती अवघड आहे, हे वर्ल्डमार्कच्या १३,००० सह्यांच्या उदाहरणावरून ताडता येईल. मतदान न करणारा प्रत्येक मालक येथे विद्यमान कंपनीच्या बाजूने धरला जातो. विधिमंडळाने वारंवारच्या उलथापालथीतून रिसॉर्टचे रक्षण करण्यासाठी अशी उंच मर्यादा ठेवली असेल, आणि त्या चिंतेत तथ्य आहे. मालकांनी कारभार हाती घेतल्यावर शुल्कवाढ टाळण्याच्या लोकप्रिय हट्टापायी दुरुस्त्या लांबणीवर टाकणारी, राखीव निधी संपवणारी आणि शेवटी इमारत विकून मोकळी होणारी मंडळेही असतात. मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापनात आरक्षणाची यंत्रणा, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि खरेदीतील सवलती यांचा लाभ मिळतो, तो एकट्या संघाला उभा करता येत नाही. म्हणून विकासकाची माणसे मंडळावर असणे हाच दोष आहे असे म्हणणे मला पटत नाही. त्यांना हटवणे प्रत्यक्षात शक्य असले पाहिजे, एवढी अट पुरेशी आहे. हटवले जाण्याची शक्यता असलेले मंडळ तीच कंपनी व्यवस्थापक ठेवूनही वेगळा करार करते.

वर्ल्डमार्क निकालाने ही शक्यता एका पावलाने जवळ आणली, त्याहून अधिक नाही. तो लागू होतो कॅलिफोर्नियाच्या परस्परहित संस्थांना. विश्वस्त निधीच्या रूपाने बांधलेल्या किंवा इतर राज्यांत नोंदलेल्या क्लबांना त्याचा थेट उपयोग नाही. यादी मिळाल्यावरही ई-मेल वाचला जाईल, सही होईल, आणि ती सही करणारा सभासद पुढच्या निवडणुकीत छापील प्रॉक्सीवर मंडळाचे नाव तसेच ठेवणार नाही, याची हमी कोणताही न्यायालयीन आदेश देत नाही. शिवाय एक साधी व्यावहारिक अडचण शिल्लक राहते. सभासद राहण्याची जागा बदलतात, ई-मेल बदलतात, हिस्से विकतात, मृत्युपत्राने ते मुलांकडे जातात, आणि या सर्व बदलांची नोंद आरक्षणाच्या संगणक प्रणालीत होते, जी संस्थेच्या कार्यालयात नसून व्यवस्थापन कंपनीच्या सर्व्हरवर चालते. न्यायालयाने सभासदाला जी नोंदवही पाहण्याचा हक्क दिला, ती मागणीच्या दिवशी किती ताजी असेल हे त्या कंपनीच्या कामकाजावर अवलंबून असते, आणि व्यवस्थापक बदलायचा ठराव झालाच तर नव्या व्यवस्थापकाला पहिल्या दिवशी सर्वांत आधी तीच प्रणाली जुन्या व्यवस्थापकाकडून मागून घ्यावी लागते.